फ्रिजमधल्या चाळीस बिया

बेबाबाई रडली नाही, ही गोष्ट गावानं दीड वर्ष चघळली. चघळेनात का बापडे! लोकांच्या तोंडाला काय कुलूप लावता येतं? अठ्ठावीस वर्षांची लेक, तीही शिकून-सवरून पार हिमालयात झाडांवर संशोधन करणारी, जीपसकट दरीत गेली. चौथ्या दिवशी पेटीतून घरी आली. आणि आईच्या डोळ्यांत टिपूस नाही म्हणजे काय? तेराव्याला बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शेजारच्या कुंदाबाईनं तर ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं, "दगडाची हाये वं ही बाई." बेबाबाईनं ते ऐकलं, आणि भात पुरतोय का ते बघायला ती आत निघून गेली.

तिचं तिलाही कळत नव्हतं. रडायचं ठरवून ती दोनदा गोठ्यात जाऊन उभी राहिली होती. म्हशीनं मान वळवून पाहिलं, बाकी काही झालं नाही. भाकरी थापताना तव्याचा चटका बसला तर फोड आल्यावर समजे. भाजीत कधी मीठ दोनदा पडे, कधी पडतच नसे, आणि तिचा नवरा लीलाधर मुकाट्यानं जेवून उठे. त्याला सगळं गाव नाना म्हणे, पोरंही नानाच म्हणत. नाना मुळातच कमी बोलणारा. रावेरहून सहा किलोमीटरवर त्याची चार एकर केळी, आणि दिवसभर तो असायचा त्या केळीत. बोलायचं काम आजवर बेबाबाईनं दोघांचं मिळून केलं होतं. तिची जीभ अशी पट्ट्यासारखी चाले की केळीचे व्यापारीसुद्धा बांधावर भाव बोलताना आधी ती घरात आहे का ते विचारून घेत.

आता ती जीभ गप्प होती, आणि त्याला कारण होतं. ते कारण गावाला ठाऊक नव्हतं, पोराला ठाऊक नव्हतं, नानाला तर नाहीच नाही, असं ती धरून चालली होती.

त्या जुलैत नोकरीपायी शहरात राहणाऱ्या धाकट्या भूपेंद्रचा साखरपुडा ठरला. लेकीला, नूतनला, तिनं फोन केला, तर पोरगी म्हणे येता येणार नाही.

"आई, बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंत इथं जेमतेम सात आठवडे मिळतात गं. तेवढ्यात या झाडांना पान, फूल, बी सगळं उरकायचं असतं. रोज मापं घ्यावी लागतात. चार दिवस मी खाली उतरले तर अख्खं वर्ष गेलं समज."

"झाडाचं सात आठवड्यात उरकतं अन् तुले चार दिवस नही? एकुलता एक भाऊ हाये तुले! फुलं काय इकडे उगवत नही?"

"आई, ऐक ना."

"मले काही ऐकायचं नही. नही आली तर या घराचा उंबरा पुन्हा चढू नको."

असं म्हणून बेबाबाईनं फोन बंद केला. त्यानंतर दोन दिवसांनी जीप गेली. सामान आणायला खालच्या बाजाराच्या गावी उतरत होती, असं सगळीकडे झालं, आणि जो तो तेच म्हणू लागला. पण बेबाबाईला पक्कं माहीत होतं. सामान नाही आणि बाजार नाही. पोरगी आपल्या तोंडाला घाबरून निघाली होती.

हे सांगायचं कसं? आणि नानाला? नूतन म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिच्या एम.एस्सी.च्या पेढ्यांचा रिकामा पुडा त्यानं कितीतरी दिवस फटफटीच्या डिकीत ठेवला होता. त्या माणसासमोर बसून म्हणायचं, मी बोलावलं म्हणून मेली? बेबाबाईनं तोंड शिवून घेतलं. आणि तोंड शिवलं तेव्हा रडणंही आतच राहून गेलं.

*

गेल्या नोव्हेंबरात हर्षिता आली. जळगावची, मारवाडी जैनांची पोर, नूतनची कॉलेजातली मैत्रीण. बापाची डाळमिल आहे, पण ही केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते, काचेच्या बाटल्यांत इवलीइवली केळी वाढवते. बेबाबाईनं तिच्यासाठी कांदा-लसणाशिवाय वेगळी भाजी केली, आणि ती सूर्य मावळल्यावर जेवत नाही म्हणून दुपारीच पान वाढलं. जेवण झाल्यावर हर्षितानं पिशवीतून कागदाची एक पुडी काढली.

"काकू, नूतनच्या सरांनी पाठवलंय. तिनं जाण्याच्या आदल्या वर्षी गोळा केलेलं बी. थोडंच उरलंय, चाळीस दाणे. सर म्हणाले, घरच्यांना विचारा."

पुडीवर नूतनचं अक्षर होतं. तारीख, उंची, उताराची दिशा. बेबाबाईनं पुडी उघडून पाहिली. खसखशीपेक्षा थोडे मोठे, तपकिरी दाणे. यांच्यापायी पोरगी घर सोडून गेली होती!

"याचं झाड केवढं व्हतं?"

"झाड कसलं काकू, उशीएवढं. जमिनीला चिकटून गोल वाढतं. पानांवर पांढरी लव असते, आतली ऊब टिकावी म्हणून. वर वारा कितीही सुटला तरी त्या उशीच्या आत बऱ्यापैकी ऊबदार असतं, नूतन बोट घालून बघायची. वीस-वीस वर्षांचं झाड असतं आणि वीतभरसुद्धा नसतं."

"अन् सात आठवड्यात बी कसं धरतं ते? आमच्या केळीले घड द्यायले वर्ष लागते."

हर्षितानं एक दाणा बोटाच्या टोकावर घेतला. हे बहुधा तिला नूतननंच कधीतरी फोनवर सांगितलं असावं. "कळी आदल्या वर्षीच करून ठेवतं. उन्हाळा संपता संपता, बर्फ पडायच्या आधी, पुढच्या वर्षीची फुलं आत इवलीशी तयार असतात. मग दहा महिने बर्फाखाली तशीच. बर्फ सरकला की नुसतं उघडायचं बाकी असतं. तेवढ्या दिवसांत पहिल्यापासून सुरुवात करत बसलं तर त्याचं भागणारच नाही ना."

बेबाबाई दाण्यांकडे बघत राहिली. नूतननं हे तिला कितीदा तरी सांगायचा प्रयत्न केला असेल. दरवेळी तिनं "असू दे तुझी फुलं" म्हणून लग्नाचा विषय काढला होता.

"लावू आपण हे," ती म्हणाली.

"उगवायची खात्री नाही हं. आणि याला आधी थंडी लागते. ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये. फेब्रुवारीअखेर मी येते आणि जळगावला लॅबमध्ये नेते, तिथं थंड खोली आहे. हवं तर आत्तापासूनच नेते."

"नही. थंडीचे तीन महिने माझ्याच घरात राहू दे."

"बरं. पण काकू, एक लक्षात ठेवा. मधेच ऊब मिळता कामा नये. सलग थंडी पोहोचली की मगच त्याला समजतं, हिवाळा होऊन गेला. थोडी थंडी, थोडी ऊब असं झालं तर बी फसतं, नाहीतर कुजतं."

नाना दारात उभा राहून ऐकत होता.  तो पायात चपला सरकवून मळ्यात गेला.

नदीची वाळू धुऊन, चाळून, हर्षितानं दाणे एका चपट्या डब्यात घातले आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात डबा ठेवला. त्या दिवशी बेबाबाईनं मनाशी एक सौदा केला. देवापुढे नारळ ठेवला नाही की कुणाला बोलली नाही. एक जरी उगवलं, तर नानाला सगळं सांगायचं. त्याच्या हातात नूतनचं ते रोप ठेवायचं आणि मग सांगायचं, की बाबा असं असं झालं. रिकाम्या हातानं ही गोष्ट त्याला सांगायची तिची छाती नव्हती.

*

घरातल्या फ्रिजला असा मान कधी मिळाला नसेल. कोथिंबीर, विरजणाचं भांडं, म्हशीच्या औषधाची बाटली, सगळं वरच्या कप्प्यात गेलं. खाली एकटा डबा. दिवसातून दोनदा बेबाबाई दार उघडून बघे आणि लगेच लावून घेई. कुंदाबाई एकदा दूध ठेवायला आली तर तिला दारातूनच वाटेला लावलं. झाकण काढायचं नाही असं हर्षितानं बजावलं होतं, म्हणून तिनं झाकणाला हात लावला नाही. डबा जागच्या जागी आहे, एवढंच ती बघे.

जानेवारीत पारा उतरला. रावेर-यावलकडे केळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळतं ते या दिवसांत. केळीला थंडी म्हणजे वैरी. पारा दहाच्या खाली गेला की झाड आखडतं, पानं पिवळी पडतात, कोवळा घड खोडातच अडकून बसतो. मग बागेच्या कडेनं पाचोळ्याचे ढीग पेटवायचे आणि बागेत धूर धरायचा. घडांवर पिशव्या चढवायच्या. विहिरीचं पाणी जरा कोमट असतं, तेव्हा पहाटेच मोटर लावून बुडाला ओल द्यायची. नानानं चाळीस वर्षं हेच केलं होतं. थंडी दिसली की तिच्या आणि झाडाच्या मधे उभं राहायचं, याखेरीज शेतीतलं दुसरं शहाणपण त्याला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी तो धुराचा वास अंगावर घेऊन जेवायला बसला आणि म्हणाला, "त्यात किती थंडी राहते?"

"कशात?"

त्यानं हनुवटीनं फ्रिज दाखवला.

"चार, म्हणे हर्षिता."

"चार." त्यानं घास खाली ठेवला. "इथं नऊ झाली तर बागेत उभं राहवत नही."

"त्याले लागते थंडी. सांगितलं ना तिनं."

"दोन गोधड्या घेऊनबी कुडकुडायची पोरगी. रात्रीपुरता तरी बाहेर काढत जा तो डबा."

"हात लावायचा नही डब्याले!" बेबाबाई इतक्या जोरानं ओरडली की तिला स्वतःलाच दचकायला झालं. दीड वर्षात एवढा आवाज तिच्या गळ्यातून निघाला नव्हता. नानानं मान खाली घातली, पानातलं संपवलं आणि तो उठला.

दिवस मोजता मोजता फेब्रुवारी आला. बेबाबाईचं सांगायचं वाक्यही तयार झालं होतं. म्हशीची धार काढताना ती ते पुटपुटायची. पहिल्यांदा ते लांबलचक होतं. त्यात साखरपुडा, पाहुणे, लोक काय म्हणतील, असं सगळं यायचं. रोज पुटपुटता पुटपुटता ते झिजून एवढंसं राहिलं.

*

सव्वीस फेब्रुवारीला सकाळच्या एसटीनं हर्षिता आली. बरोबर बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्मासचा डबा, भिंग, चिमटा. बेबाबाईनं न्हाणं उरकून, धुतलेलं लुगडं नेसलं होतं. नाना त्या दिवशी मळ्यात गेला नाही. तो ओट्यावर सुतळीचा गुंता सोडवत बसला होता. सुतळी ती केवढीशी, पण तिचा गुंता काही सुटत नव्हता.

हर्षितानं डबा खिडकीशी नेला आणि झाकण काढलं. कुबट वास आला. वाळूवर राखाडी बुरशीची जाळी धरली होती. तिनं चिमट्यानं एक दाणा उचलला, भिंगाखाली धरला, हलकेच दाबला. आतून पाण्यासारखं काहीतरी बाहेर आलं. दुसरा दाणा, तिसरा, दहावा. ती एकेक करून सगळे बघत गेली, आणि तिचा चेहरा पडत गेला.

"काकू, लाइट फार जात होती का?"

"नही. गेली तरी तास-दोन तास."

"डबा बाहेर राहिला होता का कधी? हे फुगलंय आणि मग कुजलंय. चार डिग्रीत इतकं होत नाही. याला ऊब मिळालीय. एकदा नाही, पुष्कळदा."

"मी दिवसातून दोनदा बघत व्हती. डबा जागेवरच राहायचा."

ओट्यावरची सुतळी थांबली. नाना उठून आत आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"मी काढत व्हतो," तो म्हणाला.

 मग त्यानंच सांगितलं, जमिनीकडे बघत, तुकड्यातुकड्यानं. जानेवारीत सुरू झालं. ती झोपली की तो डबा काढायचा, पोत्यात गुंडाळायचा, आपल्या गोधडीत पोटाशी धरून झोपायचा. पहाटे मोटर लावायला उठला की पुन्हा जागेवर ठेवायचा. दिवसभर थंडी मिळतेच आहे, रात्रीपुरती ऊब दिली तर काय बिघडतं, असं त्याला वाटलं होतं.

"केळीले करतो तसंच केलं," तो म्हणाला. "मले वाटलं, एवढंसं बी, कसं सोसत आसंन."

हर्षितानं झाकण परत लावलं. शहाणी पोर. ती म्हणाली, "नाना, बी तसंही जुनंच होतं. उगवलंच असतं असं नाही." आणि अकराच्या एसटीचं निमित्त सांगून, पाणीसुद्धा न पिता निघाली. जाताना बेबाबाईच्या हाताला हात लावून गेली. तिनं हात लावल्याचं बेबाबाईला उशिरा समजलं, तोवर ती कोपऱ्यावर पोहोचली होती.

आता घरात दोघंच. आता भडका उडणार, हे नानालाही दिसत होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. पेंडीचं पोतं ओलं झालं म्हणून या बाईनं त्याला आठ दिवस सळो की पळो करून सोडलं होतं, आणि इथं तर लेकीची शेवटची वस्तू त्यानं मातीत घातली होती. तो तसाच भिंतीला टेकून वाट बघत राहिला.

बेबाबाईनं तोंड उघडलं. राग तिला आलाच नाही, शोधूनही सापडेना. तिला दिसत होता तो एवढा थोराड माणूस, पोटाशी डबा धरून झोपलेला. जीव लावून यानं बी थंडीतून वेळेआधी बाहेर काढलं. आणि आपण काय केलं होतं? पाय गार पडले होते. फरशीचा गारवा गुडघ्यांपर्यंत चढल्यासारखा वाटत होता. रोप नव्हतं, हातात काही नव्हतं, सौद्याप्रमाणे आता गप्प बसायचं होतं. पण ते झिजून एवढंसं राहिलेलं वाक्य आपलं आपणच बाहेर आलं.

"मीच बोलावलं व्हतं तिले."

नानानं वर पाहिलं.

"मी म्हटलं, नही आली तर घराचा उंबरा चढू नको. सामान आणाले नव्हती उतरली ती. माझ्या बोलण्यानं उतरली. माझ्यापायी गेली."

"माहीत हाये," नाना म्हणाला.

"काय माहीत हाये?"

"गाडीत बसायच्या आधी तिचा मले फोन आलता. म्हणे, नाना, आई लई चिडली हाये, मी निघाली. परवा पोहोचते."

बेबाबाई खाली बसली.  गावभर झालेलं ते सामान, तो बाजार, सगळं तिच्या डोक्यात एकदम वर आलं.

"मंग सामानाचं कोणी सांगितलं लोकायले?"

"मीच."

"कायले?"

"तुले बोट दाखवलं असतं सगळ्यांनी." तो तिच्यासमोर उकिडवा बसला. डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं, ते त्यानं उगाच दाबून बसवलं. "तू सांगशील एखाद दिवशी, म्हणून थांबलो. तू नही सांगितलं. मंग मीबी नही काढलं."

दीड वर्ष. सकाळ-संध्याकाळ दोन पानं समोरासमोर, आणि दोघांच्या मधे हीच एक गोष्ट. तिनं त्याच्यापासून लपवलेली, त्यानं तिच्यापासून. रडू यायला हवं होतं. ते आत्ताही आलं नाही. तिनं पदरानं कोरडंच तोंड पुसलं.

"अन् समदं माहीत असून," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या हातचं जेवत राहिले?"

"मंग कोणाच्या हातचं जेवू?" नाना म्हणाला.